मालूआत्याचे मोकळे दिवस

मालूआत्याला काही नाजूक सांगायचं असलं की ती आधी नळ सोडायची. एरवी हीच बाई तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची. आम्ही हात धुताना जरा रेंगाळलो तर "नर्मदेहून एवढ्या लांबून आलेलं पाणी आहे, तुझ्या बापाची विहीर नाही," म्हणून अंगावर यायची. पण लग्न ठरलेली मुलगी केळवणाला आली, जेवणं उरकली, पुरुषमंडळी बाहेर बडीशेप चघळत बसली, की आत्या त्या मुलीला मनगटाला धरून आतल्या खोलीत न्यायची. दाराला कडी घालायची, मोरीतला नळ सोडून खाली बादली लावायची आणि त्या आवाजाच्या आडून बोलायला लागायची. बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद व्हायचा नाही.

बाहेर आमच्या आया निर्धास्त असायच्या. "मालूताई सांगतायत ना, मग आपल्याला काही बोलायला नको," असं म्हणत त्या उरलेलं श्रीखंड डब्यात भरायच्या. मुलगी बाहेर आली की तिचे कान लाल झालेले असायचे. कोणी तिला काही विचारायचं नाही. आत्या पदराने हात पुसत यायची आणि आल्या आल्या देवाला उदबत्ती लावायची, का तर तोंडातून तसले शब्द गेलेत. आज ती जाऊन वर्ष होत आलं. तिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या रामबाग वस्तीत घरोघर सापडतील. मलाही तिच्याबद्दल बरंच चांगलं सांगता येईल आणि ते मी सांगणारही आहे. पण तो नळाचा आवाज आठवला की मला अजून किळस येते.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, म्हणून आमच्याकडे एक उगीचचा तोरा असायचा आणि तो आत्याने मनापासून जपला होता. मुलींच्या शाळेत ती गृहविज्ञान शिकवायची. ताठ पाठ, इस्त्रीची सुती साडी, अंगाला कायम वेलदोड्याचा वास. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज आज्या झाल्यात, पण रस्त्यात दिसली की वाकून नमस्कार करायच्या. बाळंतविडा कसा भरायचा, रुखवतात काय मांडायचं, जावयाला कुठल्या पाटावर बसवायचं, हे सगळं तिला विचारून व्हायचं. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ही बाई दीड महिना आमच्या घरी राहिली. सकाळी सेव घालून साबुदाण्याची खिचडी, दुपारी आईची वेणी, संध्याकाळी माझ्या मुलाचा अभ्यास. तेव्हा मला वाटायचं, अशी आत्या नशिबाने मिळते.

शाळेतल्या पुस्तकात शेवटी एक धडा होता, माता आणि शिशू यांच्या आरोग्याचा. आत्याने नोकरीच्या सगळ्या वर्षांत तो धडा एकदाही शिकवला नाही. "मुलींनो, तो घरी वाचा," असं सांगून ती लोणच्याच्या धड्याकडे वळायची. त्यातली आकृती दिसू नये म्हणून दोन पानांना टाचणी लावून घ्यायची. वर्गात जे तोंडातून काढायची तिला लाज वाटे, त्याची पंडिता ती मोरीत होत असे. नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडे पाहून शिकले.

माझ्या केळवणाला मलाही तिने आत नेलं. मी तेव्हा पलासिया भागातल्या एका बँकेत लागले होते. नवरा नाशिकचा, नोकरीला पीथमपूरच्या कारखान्यात. आम्ही दोघं डॉक्टरकडे जाऊन, सगळं विचारून आलो होतो. तरी मी गेले, कारण नाही कसं म्हणणार? तिने नळ सोडला, माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "हे बघ नितू, ध्यान देऊन ऐक. शरमायचं बिलकुल नाही. आपण बायका म्हणजे जमीन. न्हाणं झालं की जमीन ताजी सारवलेली असते, पडेल ते रुजतं. म्हणून आठवडाभर जपायचं. मग जमीन सुकत जाते. पाळी यायच्या आधी आठवडाभर परत ओल धरते, तेव्हा परत जपायचं. मधले दिवस मोकळे. त्यात काहीही होत नाही. हे मला सासूबाईंनी सांगितलं आणि त्यांना त्यांच्या सासूबाईंनी."

मी म्हटलं, "आत्या, हे अगदी उलटं आहे."

"उलटं कसं असेल? एवढ्या पिढ्या काय वेड्या होत्या?"

"मधल्या दिवसांतच तर बीज सुटतं."

'बीज' ऐकून ती असा चेहरा करून मागे सरली, जसं काही मी तिच्या पानात केस टाकला. "कुठे कुठे काय काय वाचतेस," म्हणाली आणि नळ बंद केला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सरळ सांगते, कारण सरळ न सांगण्याचेच सगळे प्रताप आहेत. साधारणपणे दोन पाळ्यांच्या मधल्या काळातच दिवस राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आत्या नेमके तेच दिवस मोकळे म्हणून वाटत सुटली होती. बरं, कोणी हिशोब सुलटा करून मोजला तरी पाळी पुढेमागे होते, म्हणून नुसत्या मोजण्यावर भरवसा ठेवता येत नाही. आत्याची ही विद्या आली कुठून, यावर मी पुष्कळ विचार केला. जुन्या घरात बाई चार दिवस बाजूला बसायची, पाचव्या दिवशी न्हाऊन 'शुद्ध' व्हायची. शुद्ध झाली म्हणजे देवाला चालते, स्वयंपाकाला चालते, तर मुलालाही तेव्हाच चालत असणार. शरीराचं सगळं शास्त्र या लोकांनी सोवळ्याओवळ्यावर बसवून टाकलं होतं.

आणि हे एकच असतं तर चाललं असतं. गोळ्या पोटात साठून त्यांचा खडा होतो. अंगावर पाजतेस तोवर बिनधास्त राहा. पहिल्या खेपेला कधी राहत नाही. लगेच उठून पाणी घेतलं की सगळं धुऊन जातं. एकेक वाक्य ती अशा थाटात सांगायची की समोरच्या मुलीला शंका घ्यायचीच लाज वाटे. विचारलंच कोणी तर उत्तर ठरलेलं असायचं, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. फार खोलात नाही जायचं."

आत्याच्या शेजारी शैलावहिनी राहायच्या. त्यांचा नवरा कंपनीच्या कामाने महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. वहिनींना खाज, अंगावरून जाणं, लघवीला आग, हे सुरू झालं तेव्हा त्या डॉक्टरकडे न जाता आत्याकडे आल्या. आत्याने निदान केलं, उष्णता. सब्जा, धन्याजिऱ्याचं पाणी, गुलकंद. मी योगायोगाने तिथे होते. मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरला दाखवा आणि भाऊंनाही घेऊन जा. हे एकाकडून दुसऱ्याला होतं. आणि बरं होईपर्यंत कंडोम वापरा."

आत्याने मला सगळ्यांसमोर झापलं. "शरम कर! चांगल्या घरातल्या बाईला काय बोलतेस? आपल्या लोकांत तसले रोग नसतात. आणि ते जे तू म्हणालीस ना, ते बाजारातल्या बायांसाठी असतं. घरच्या लक्ष्मीला कोणी प्लास्टिक लावतं का?"

शैलावहिनी गुलकंद खात राहिल्या. दुखणं पोटात उतरलं, तापाने फणफणल्या, तेव्हा कुठे पलासियाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी नवऱ्याला बोलावून दोघांना औषध दिलं. नवरा आधी यायलाच तयार नव्हता. त्याचं म्हणणं, मला काही होत नाही, मी कशाला गोळ्या खाऊ? आत्या यावर काय म्हणाली असेल? "पाहिलंस, शेवटी गुलकंदाचा गुण आला." हे ऐकून मला हसू आलं नाही. मला किळस आली, आणि ती पहिल्यांदाच तिची आली.

आता अपूबद्दल.

अपर्णा माझ्या काकांची मुलगी, माझ्यापेक्षा बरीच लहान. म्हणजे आत्याची सख्खी भाची, आणि सगळ्यात लाडकी. अपूला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसून बसली. दिसायला काही नाही. चित्रं काढायची, शाळेत चित्रकला शिकवायची, खो खो हसायची, फक्त जिना चढून आली की खांबाला धरून उभी राहायची. लग्न ठरलं परदेशीपुऱ्यातल्या मकरंदशी. त्याचा छोटा छापखाना. मुलगा सरळ होता, त्याला सगळं सांगितलेलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, "लग्न खुशाल करा. पुढे झडपेचं ऑपरेशन करू. ते होऊन मी हो म्हणेपर्यंत दिवस राहता कामा नयेत. राहिले तर हे हृदय तो भार उचलणार नाही."

मी अपूला पलासियाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवलं की नेहमीच्या गोळ्या हिला नकोत, लग्नानंतर गर्भाशयात तांबी बसवू, तोवर मकरंदने कंडोम वापरायचा, प्रत्येक वेळी. अपूने बाईंना ढीगभर प्रश्न विचारले. बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला पोहे खाल्ले आणि ती म्हणाली, "ताई, एवढंच होतं? मी फालतूमध्ये घाबरत होते." मला वाटलं, झालं, ही मुलगी सुटली.

मग केळवण आलं.

त्या दिवशी आत्याने अपूसाठी खास पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवणं झाली, मनगट धरलं गेलं, कडी लागली, नळ सुटला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. अपू बाहेर आली तेव्हा तिचा रंग उडाला होता आणि हात छातीवर होता. मी तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "ताई, तांबी वर चढते म्हणे. आधी पिशवीतून पोटात, मग काळजाला. आत्या म्हणाली, तुझं काळीज आधीच अधू, तिथे धातू जाऊन टोचला तर काय करशील?"

मी सरळ आत गेले. आत्या बादलीतलं पाणी पिंपात ओतत होती.

"आत्या, तू काय सांगितलंस तिला?"

"जे खरं आहे ते. एका बाईची तांबी काळजात सापडली होती, सगळ्यांना माहीत आहे."

"कुठली बाई? नाव सांग."

"नाव कशाला पाहिजे? सगळ्यांना माहीत आहे म्हटलं ना!"

"तांबी जागेवरून हलेल, कधी पडून जाईल, फार क्वचित पिशवीला टोचेल, म्हणून तर तपासायला बोलावतात. पण काळजात जायला तिला वाटच नाही. तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दिवस राहिले तर ती वाचणार नाही."

"मग दिवस राहू नयेत हेच तर मी सांगितलंय! मधल्या मोकळ्या दिवसांत राहा म्हटलं, बाकीचे दिवस दूर. देवाने दिलेला हिशोब आहे, त्यात धातू नाही, प्लास्टिक नाही. तू तुझी बँक सांभाळ, नितू. भाचीचं भलं मला कळतं."

आणि हे ती मनापासून म्हणत होती. तिला अपूचं वाईट करायचं नव्हतं. तिचे डोळे पाणावलेले होते. मी काकूकडे गेले, तर काकू म्हणाली, "मालूताईंनी एवढे संसार मार्गी लावले. डॉक्टर काय गं, त्यांना दुकान चालवायचं असतं." काका पेपरात तोंड घालून बसले. या विषयावर आमच्या घरातले पुरुष ठार बहिरे होतात.

लग्नानंतर तांबीची ठरलेली तारीख अपूने एकदा चुकवली, मग दुसऱ्यांदा. मी फोन केला की, "पुढच्या महिन्यात बिलकुल पक्कं, ताई." मी एकदा परदेशीपुऱ्याला गेले आणि मकरंदलाच विचारलं. तो खाली मान घालून शाईचे हात पुसत राहिला. गल्लीतला औषधवाला त्याच्या वडिलांचा मित्र, त्याच्याकडे मागायचं कसं? दूरच्या दुकानातून एकदा आणलं होतं, ते संपलं. "आणि ताईजी, आत्यांनी सांगितलंय ना," तो म्हणाला, "मधले दिवस सेफ असतात. आम्ही एकदम स्ट्रिक्ट पाळतो. एक दिवस इकडचा तिकडे नाही." मी त्याला तिथेच कागदावर आकृती काढून समजावलं. तो हो हो म्हणत राहिला. अपू चहा घेऊन आली, मी तिलाही पुन्हा सांगितलं. तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "कळतं गं मला. पण भीती वाटते ना." त्याच आठवड्यात मी तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी आधी तपासलं आणि मला आत बोलावलं. उशीर झाला होता, दिवस राहिले होते.

दम लागणं, मळमळणं, गळून जाणं, हे सगळं तिच्या काळजाचंच आहे असं घरात सगळे धरून चालले होते. मधे थेंबभर डाग पडला होता, तीच पाळी समजून पुढे मोकळे दिवस मोजले गेले होते. महिने बरेच वर गेले होते. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर एकमेकांशी हलक्या आवाजात बोलायचे. काढून टाकण्यात धोका, ठेवण्यात धोका. अपू गादीवर उशांना टेकून बसूनच असायची, आडवी झाली की श्वास पुरायचा नाही. त्याही अवस्थेत तिने बाळाच्या खोलीसाठी एका कागदावर हत्ती काढले होते, ओळीने शेपट्या धरलेले. सातव्या महिन्यात तिचं हृदय थांबलं. बाळही गेलं.

आत्या आली ती हिरवं लुगडं, हिरवा चुडा आणि खण घेऊन. सवाष्ण गेली म्हणून तिने अपूची ओटी भरली, मळवट भरला, आणि मागे सरून हात जोडून म्हणाली, "अहेव गेली गं माझी बाय. सोनं झालं तिचं." भोवतालच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी मोरीत जाऊन ओकले. एरवी किळस हा शब्द आपण पालीसाठी, सडक्या भाजीसाठी वापरतो. हळदकुंकवाचीसुद्धा किळस येऊ शकते हे मला तेव्हा कळलं.

परत येऊन मी आत्याला सगळ्यांच्या देखत विचारलं, "मोकळे दिवस मोजत होती ती. आता बोल."

ती शांतपणे म्हणाली, "मोजण्यात काही खोट राहिली असेल. पोर अजाण होती." आणि मग वडील मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. तेव्हापासून आमच्याकडे सांगायची पद्धत पडली, अपू हार्टने गेली. कोणी विचारलं की हार्टने. मकरंदनेही पुढे तेच सांगायला सुरुवात केली.

मी आत्याकडे जाणं सोडलं. लग्नाकार्यात दिसायची, वेलदोड्याचा वास यायचा, मी दुसऱ्या पंगतीला बसायचे. केळवणं चालूच होती. मुली आत जात होत्या आणि लाल कानांनी बाहेर येत होत्या. मी जिथे जमेल तिथे त्या मुलींना गाठून सांगायचे. काही ऐकायच्या. बऱ्याच जणींच्या आया मला टाळायला लागल्या. "नीता भारी फटकळ झाली हं," असं माझ्या मागे बोलायचे. बोलोत बापडे.

गेल्या वर्षी आत्याच्या नातीचा, ईशाचा, फोन आला. "आत्या, प्लीज येऊन जा ना. आजी तुझं नाव घेऊन परेशान करतेय सगळ्यांना." ईशा मालूआत्याच्या मुलाची, सुरेशदादाची, मुलगी, मलाही आत्याच म्हणते; पुण्याला कंपनीत नोकरी करते, स्वतःच्या लग्नासाठी घरी आली होती. मी गेले ते ईशासाठी.

आत्या बिछान्याला खिळली होती. एवढीशी झाली होती. तिने माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. म्हणाली, "नितू, माझ्यात आता ताकद नाही. ईशाला तू सांग. आतल्या खोलीत ने आणि मी सांगायची तसं सांग. तुला सगळं माहीत आहे."

मला वाटलं मी ओरडेन. पण ओरडले नाही. मी विचारलं, "आत्या, तुझ्यावेळी हा हिशोब जमला?"

तिने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "सुरेशच्या आधी किती आणि नंतर किती, ते विचारू नको. काही आपोआप गेली. काही मी घालवली, काढे पिऊन. एका वेळी तर मीच जायची. शाळेत सांगितलं, कावीळ झाली. सासूबाई म्हणायच्या, तुला साधे दिवस मोजता येत नाहीत, मास्तरीण कसली तू! खरंच होतं ते. खोट माझ्याच मोजण्यात होती."

मला काय वाटलं ते सांगते. मला दया आली आणि दयेबरोबर किळस आली, कारण हे सगळं स्वतःच्या देहावर सोसून ही बाई तेच दुसऱ्यांना देत राहिली होती, नळ सोडून, उदबत्ती लावून. एकदाही तिला शंका आली नाही की चूक हिशोबातच असेल. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला हे सांगावं का? मी सांगितलं. अपूला घरातल्या मोठ्यांपैकी कोणी तरी हे सांगायला हवं होतं तसंच, हळू आवाजात न बोलता सांगितलं.

"आत्या, तू मोजायला चुकली नाहीस. तू बरोबर मोजत होतीस. सासूबाईंनी शिकवलेलंच उलटं होतं. जे दिवस तू मोकळे समजलीस, तेच धोक्याचे. तुझी काही चूक नव्हती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. "कुंदा... लीलाची मोठी... शैला... वसूच्या दोघी सुना... जोश्यांची माधुरी..." ती नावं घेत होती आणि माझा हात दाबत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकेक मुलगी तिला आठवत होती, कुणाच्या केळवणाला काय केलं होतं तेसुद्धा. ते एक नाव येईल म्हणून मी वाट बघत राहिले. नावं संपली. ते आलं नाही.

"आणि अपू," मी म्हटलं.

आत्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तिचं काळीजच अधू होतं गं," ती म्हणाली.

मी माझा हात सोडवून घेतला. तिची बोटं थोडा वेळ चादरीवर चाचपत राहिली. मी पांघरूण नीट केलं, पाण्याचा पेला जवळ ठेवला आणि उठले. नंतर थोड्याच दिवसांत ती गेली. मी खांदेकऱ्यांच्या मागे चालत गेले, रडले नाही.

त्या भेटीच्या दिवशी मी आत्याच्या खोलीतून बाहेर आले तर ईशा स्वयंपाकघरात ओट्यावर बसून फोन बघत होती. सुरेशदादा आणि वहिनी टेबलाशी वाटाणे सोलत होते. ईशा हसून म्हणाली, "काय, आजीने तुला चार्ज दिला ना? मला आधीच आयडिया होती. पण आत्या, खरं सांगू, मला काही गरज नाही. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मुलींना माहीत असतं. ती नंतरची गोळी मिळते ना मेडिकलमध्ये, दर वेळी घेऊन टाकायची, बस. सिंपल."

सुरेशदादा लगबगीने उठून बाहेर निघाला. वहिनी म्हणाली, "अगं हळू, बाबा आहेत."

"दादा, बस तू," मी म्हटलं. "तूही ऐक." तो बसला नाही, पण गेलाही नाही. दारातच उभा राहिला.

मी खुर्ची ओढून ईशाच्या समोर बसले. "ती गोळी अडीअडचणीसाठी असते, रोजच्या भरवशासाठी नाही. ते सगळं सांगते. आधी मला सांग, तुला अपूआत्या आठवते?"

"ती हार्टने गेली, ती?"

"ती हार्टने नाही गेली," मी म्हणाले, आणि तिथून सुरुवात केली.